मे महिन्यात गावच्या दुकानात मदतीला येताय? प्लास्टिकविना चालणाऱ्या दुकानातला पूर्ण दिवस

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या पडवीत आमचं छोटं दुकान आहे. गावठी तांदूळ, कुळीथ, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काजूगर, आंबे, रिठे-शिकेकाई, बांबूच्या रोवळ्या, मातीचे माठ. प्लास्टिकची पिशवी देत नाही, शक्यतो घेतही नाही. वर्षाचे अकरा महिने घरची माणसं पुरतात. मे महिन्यात मात्र पुरत नाहीत, कारण मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आलेले असतात आणि गावातल्या घरांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदीही तेव्हाच चालते. मग भाचरं, पुतणे, शेजारची कॉलेजला जाणारी मुलं मदतीला येतात. दर वर्षी पहिल्या दिवशी त्यांना जे तोंडी सांगते, ते या वेळी लिहून काढते आहे. तुमच्या भागातल्या अशाच दुकानात जाणार असाल तर माल वेगळा असेल, पण रीत फारशी बदलणार नाही.

एक गोष्ट आधी सांगते. असं दुकान पर्यावरणपूरक आहे की नाही हे फळीवरचा माल बघून कळत नाही. दारातून बाहेर गेलेली बाटली, गोणपाट, पिशवी परत आली का, यावरून कळतं. दिवसभरातली निम्मी कामं या परत येण्याभोवतीच फिरतात, म्हणून ती कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका.

सकाळी साडेसहा: दार उघडल्यावर

सुती, सैल कपडे घालून या. कोकणातला मे महिना नागपूरसारखा तापत नाही, पण हवेत ओल इतकी असते की घाम वाळतच नाही आणि माणूस लवकर थकतो. जड कामं नऊच्या आत उरकायची ती यासाठीच. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, नखं कापलेली असू द्या. दिवसभर पाणी पीत राहा.

सगळी दारं-खिडक्या उघडून सकाळची हवा आत घ्या. पश्चिमेची खिडकी अकराच्या सुमारास बंद करायची आहे, ते विसरू नका. अंगणाला वाडवण, आतल्या जमिनीला केरसुणी. झाडणं संपेपर्यंत एकाही बरणीचं झाकण उघडायचं नाही.

मग धान्याची पोती बघा. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब असली पाहिजेत. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आतला तांदूळ बाहेरच्यापेक्षा कोमट लागला तर समजा की आत ओल आहे किंवा टोके झाले आहेत. किड्यांच्या श्वसनानेही धान्य गरम होतं. असं पोतं वेगळं काढा, तांदूळ सावलीत चटईवर पसरा आणि सुपाने पाखडून घ्या. कडक उन्हात टाकू नका. साल काढलेल्या तांदळाला उन्हात बारीक चिरा जातात आणि मग भात शिजताना कण्या होतात. वाळवलेलं धान्य पूर्ण निवल्याशिवाय परत भरायचं नाही, नाहीतर आत घाम धरतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला मधल्या थरांत घालायचा. ओला पाला कधीच नाही.

अढी तपासणं

हे माझं सर्वांत आवडतं काम, आणि ते घाईत करता येत नाही. आंबा आमच्याकडे चौदा आणे तयार झालेला काढतात. म्हणजे पुरता भरलेला, पण झाडावर पिकू न दिलेला. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले आणि देठाशी हलका खळगा पडलेला दिसला की फळ तयार. चीक गळून गेला की ते भाताच्या पेंढ्यात अढीला लावतात. एक थर पेंढा, एक थर आंबा, पुन्हा पेंढा. साधारण आठ-दहा दिवसांत रंग भरायला लागतो. उष्मा वाढला तर त्याहून लवकर.

रोज सकाळी अढी अशी बघायची:

१. आधी वास घ्या. गोड वास आला तर ठीक, आंबूस आला तर आत एखादं फळ सडलं आहे. ते आजच शोधून काढा, एका फळापायी आजूबाजूची पाच जातात.

२. पेंढा हाताने बाजूला करा, आंबा ओढू नका. दोन्ही हातांनी उचला आणि सबंध तळव्यात धरा. अंगठ्याने दाबून बघायची सवय इथे चालणार नाही. दाबलेल्या जागी दोन दिवसांत काळा डाग येतो.

३. तीन करंड्या ठेवा: आज खाण्याजोगा, दोन-तीन दिवसांनी, चार-पाच दिवसांनी. प्रत्येकीत खडूने लिहिलेली पाटी घाला.

४. डाग पडलेली, देठाशी काळवंडलेली फळं चौथ्या टोपलीत. ती विकायची नाहीत. घरी त्यांचा रस आटवून साठं, म्हणजे आंबापोळी, घालतो.

आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा का, असं गिऱ्हाईक विचारतं. कच्चा आंबा साधारण १२-१३ अंशांखाली गेला की त्याला थंडी बाधते, तो नीट पिकत नाही आणि सालीवर डाग येतात. पूर्ण पिकल्यावर एखादा दिवस ठेवला तर हरकत नाही, असं सांगा. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे. 'तुमचा आंबा कार्बाइडचा तर नाही?' असं कुणी विचारलं तर रागावू नका. त्यांना अढीपाशी न्या आणि पेंढ्यात हात घालू द्या.

साक्याचं मात्र आधीच सांगून टाकायचं. हापूस बाहेरून सुरेख दिसतो आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा साका निघतो, हे कधीकधी होतंच. बाहेरून तो ओळखता येत नाही. आम्ही साका निघालेलं फळ दाखवलं की दुसरं देतो, आणि हे विकतानाच सांगतो.

बाटल्या

आता मुख्य कामाकडे. आगळ, सरबताचं गोड अमृत कोकम, मध हे सगळं आम्ही काचेत देतो. लोकांना वाटतं काच म्हणजे आपोआप चांगली. काच जड असते, ती बनवायला भट्टी पेटवावी लागते, वाहून न्यायला इंधन जास्त लागतं. एकदा वापरून उकिरड्यावर गेलेल्या बाटलीने निसर्गाचं काही भलं होत नाही. ती दहा वेळा फिरली तर होतं. म्हणून बाटलीमागे २० रुपये ठेव घेतो आणि बाटली परत आली की तेवढेच परत देतो. एखादी आजी उन्हातून चालत येऊन 'बाटली परत हाडलंय गो' म्हणते, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून आधी तिचे पैसे द्या आणि बसायला पाट द्या.

परत आलेली बाटली धुण्याची रीत:

१. निवड. बाटली आपलीच आहे ना ते बघा. दुसरीकडची, विशेषतः फिनेल, रॉकेल किंवा औषधाची वाटणारी बाटली खाण्यासाठी कधीही घ्यायची नाही. तोंडाच्या काठावरून सुती फडका फिरवा. धागा अडकला तर टवका उडालेला आहे, बाटली बाद. बोट फिरवू नका, कापेल.

२. वास. झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, मग उघडून हुंगा. लोणच्याचा, लसणीचा वास बहुधा झाकणातला असतो, काचेतला नाही. जुनी झाकणं आम्ही परत वापरतच नाही. कोकमाच्या आंबटपणाने पत्र्याला गंज चढतो.

३. भिजवणं. बादलीभर कोमट पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, त्यात अर्धा तास. कागद करवंटीच्या तुकड्याने खरवडून निघतो. चिकट राहिलं तर थोडं खोबरेल चोळा आणि मग रिठ्याच्या पाण्याने धुवा.

४. घासणं. बाहेरून नारळाचं सोडण, आतून लांब दांड्याचा ब्रश. तळाचा कोपरा आणि मानेचा आतला वळसा, या दोन जागी घाण लपते. उजेडाकडे धरून बघा.

५. तीन पाण्यांतून खळबळून काढा.

६. उकळणं. तळाशी फडका घातलेल्या मोठ्या टोपात बाटल्या साध्या पाण्यात ठेवा आणि मग चूल पेटवा. थंड बाटली उकळत्या पाण्यात घातली तर तडकते. उकळी आल्यापासून दहा मिनिटं, मग टोपातच कोमट होऊ द्या.

७. वाळवणं. जाळीवर उपड्या. पाणी निथळलं की उताण्या करून वर पातळ मलमल आणि दुपारचं ऊन. काचेच्या आत बाष्पाचा एक ठिपका जरी दिसला तरी ती बाटली भरायची नाही.

सातव्या पायरीबद्दल मी कडक आहे. एका वर्षी संध्याकाळची गाडी पकडणाऱ्या पाहुण्यांसाठी मी तीन बाटल्या ओल्या असतानाच अमृत कोकम भरून दिलं. महिन्याभराने फोन आला, तिन्हींत वर पांढरी बुरशी धरली होती. घरच्या बागेतले रातांबे (कोकमाची फळं), घरच्या माणसांची मेहनत, सगळं मोरीत गेलं. त्यानंतर घाई असेल तर मी माल देत नाही, पुढच्या कुणाबरोबर तरी पाठवते.

धुतल्यानंतरचं सोड्याचं पाणी झाडांना घालू नका, माती खराब होते. रिठ्याचं पाणी नारळाच्या आळ्यात चालतं.

आणखी एक: खाद्यतेल आम्ही गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतून देत नाही. घाण्याचं तेल सुटं मिळावं अशी मागणी दर उन्हाळ्यात होते आणि मलाही ते आवडलं असतं. पण १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन लोक दगावले होते. सुट्या तेलात भेसळ ओळखणं अवघड असतं, आणि खाद्यतेलाच्या सुट्या विक्रीवर बंदी आहे. म्हणून तेल फक्त घाण्यावरून सीलबंद आलेल्या बाटलीतच द्यायचं. पाकिटावर किंवा बाटलीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक आहे का ते माल उतरवून घेतानाच बघा.

काट्यावर बसलात की

काटा सपाट जागी ठेवा, त्यातला बुडबुडा मधोमध आला पाहिजे. वरचा पंखा बंद. वाऱ्याने आकडे हलतात आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही हलतो. वैधमापन विभागाकडून इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर समोर दिसेल असं लावलेलं आहे, त्यापुढे काही टांगू नका.

घरून डबा आणलेला असेल तर आधी रिकामा डबा काट्यावर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. मग 'टेअर'चं बटण दाबून शून्य. मगच माल. वीज गेली आणि साधा तराजू काढावा लागला तर डब्याचं वजन कागदावर लिहून वजा करा. कागदी पिशवीतून देत असाल तरी पिशवीचं वजन मालात धरायचं नाही. पाच ग्रॅमची पिशवी आणि काजूगराचा भाव, हिशेब करून बघा.

वयस्कर माणसं अजून पायलीने मागतात. चार शेरांची पायली हे खरं, पण ते माप आकारमानाचं. तांदळाची पायली आणि कुळथाची पायली वजनाला सारखी भरत नाही, गावागावांत मापही थोडं बदलतं. विक्री किलोनेच करायची. मात्र आजोबांना ओळखीचं वाटावं म्हणून पायलीचं माप समोर ठेवलं आहे. त्यात एकदा भरून दाखवा, मग काट्यावर घाला.

कशात बांधून द्यायचं

करवंदं आणि जांभळं सागाच्या किंवा कुंभ्याच्या पानात. सागाचं कोवळं पान चोळलं की लाल रंग सुटतो, म्हणून जून पानं घ्या आणि पुसून वापरा. कोरड्या मालाला साधा, न छापलेला खाकी कागद. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायच्या नाहीत. वाण्याच्या दुकानात आपण त्या लहानपणापासून पाहिल्या, रद्दीचा पुनर्वापर म्हणून त्या पर्यावरणपूरकही वाटतात. पण छपाईच्या शाईतली रसायनं अन्नाला लागतात, तेलकट किंवा ओल्या पदार्थाला तर लगेच. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे. रद्दी आम्ही माठ आणि बरण्या गुंडाळायला वापरतो.

आता पिशवी. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून. त्यानंतर बाजारात कापडासारखी दिसणारी, रंगीत, पातळ पिशवी फार झाली. ती कापडी नाही. ती प्लास्टिकच्याच तंतूंची दाबून केलेली असते. ओळखायची रीत सोपी: उजेडाकडे धरा. कापडात उभा आणि आडवा धागा दिसतो, कडेचा एक धागा ओढला तर निघतो. या पिशवीत धागाच नसतो, ठिपक्यांची दाबलेली नक्षी असते. कुणी तिचा गठ्ठा भेट म्हणून आणून दिला तर नम्रपणे परत करा. आमच्या पिशव्या जुन्या साड्या आणि धोतरांच्या आहेत, गावातल्या बायका शिवून देतात. त्याही ठेवीवरच जातात.

काय बोलायचं आणि काय नाही

'हे ऑरगॅनिक आहे का?' हा दिवसातून वीस वेळा येणारा प्रश्न. प्रमाणपत्र असलेल्या मालालाच 'सेंद्रिय' म्हणायचं. बाकी मालाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे तेच सांगा: कोणत्या वाडीतला, खत कोणतं, फवारणी झाली का आणि शेवटची कधी. हे सगळं मालाच्या वहीत लिहिलेलं असतं. आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारणी झाली असेल तर झाली म्हणून सांगा. खरं ऐकून एखादं गिऱ्हाईक निघून जाईल. जाऊ द्या.

हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला त्याआधी २०१६ मध्ये. या नावांना किंमत आहे, म्हणूनच ती जपून वापरा. आमचा आंबा कुडाळचा आहे, त्याला देवगड म्हणायचं नाही.

काजूगराच्या पाकिटावरच्या 'डब्ल्यू ३२०' चा अर्थ विचारतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, सुमारे ३२० अख्खे गर. आकडा जितका लहान, तितका गर मोठा. खिरीला, आमटीला तुकडा घ्या असं आपणहून सांगा, स्वस्त पडतो आणि चव तीच.

माठ विकताना टिचकी मारून दाखवा. खणखणीत आवाज आला तर चांगला भाजलेला, बद्द आला तर तडा आहे. घरी नेऊन पहिले चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा आणि ते पाणी पिऊ नका, हेही सांगा. रोवळी किंवा सूप घेणाऱ्याला तळाशी पिठासारखी पूड पडली का बघायला सांगा. ती पडली तर भुंगा लागला आहे. चुलीवर धुराला टांगली की भुंगा हटतो.

दुपार

साडेबारा ते साडेतीन दुकान बंद. जेवा, झोपा. या वेळात फक्त तीन गोष्टींवर लक्ष: गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं, ती पाटावर घ्या आणि कोरडं कापड घाला, मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचे गोळे मऊ पडतात, ते सर्वांत थंड कोपऱ्यात, काजूगर पत्र्याखालच्या फळीवर राहिला असेल तर खाली.

उन्हातून आलेल्याला कोकमाचं सरबत देतो. पेलाभर माठातलं पाणी, त्यात अमृत कोकम पेल्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आगळ आणि अमृत कोकम यांची गल्लत करू नका, आगळ खारट असतं, ते सोलकढीचं. पेले स्टीलचे, आणि प्रत्येक पेला लगेच विसळून उपडा.

अंगणात वाळवण असतं: आमसुलं, साठं, फणसपोळी. आमसुलांना रोज रात्री खारवलेल्या रसाचं पूट देऊन सकाळी पुन्हा उन्हात घालतो, साल काळपट होईपर्यंत. मेच्या मध्यानंतर दुपारी तीन-चारला सह्याद्रीवर ढग जमताना दिसले की वळवाला फार वेळ नाही असं धरा. आधी साठं आत घ्या, ते भिजलं तर वाया जातं. मग फणसपोळी, मग आमसुलं, शेवटी बाटल्या. बाटल्या पुन्हा धुता येतात.

संध्याकाळी चाकरमान्यांची बांधाबांध

कधी निघणार आणि पेटी कधी उघडणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. त्यावरून करंडी निवडा. रात्रीच्या कोकण रेल्वेने जाऊन चार दिवसांत खाणार असतील तर दुसऱ्या करंडीतला आंबा. तळाला पेंढ्याचा जाड थर, मधल्या फटींतही पेंढा, हलवून बघितलं तर फळ सरकता कामा नये. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत वाफ धरून आंबा एका रात्रीत नासतो.

आगळाची बाटली आंब्यांच्या पेटीत कधीही नाही. ती वेगळी, उभी, जुन्या साडीच्या पट्टीत गुंडाळून. वर दोन बोटं जागा रिकामी असली पाहिजे. कोकमाचा डाग पांढऱ्या कपड्यावरून निघत नाही, हे नेणाऱ्याला सांगा. मुंबईला जाणाऱ्या बाटल्या परत येत नाहीत ही आमची अडचण आहे. म्हणून त्यांना आम्ही घरची बाटली आणायला सांगतो किंवा आमसुलं सुचवतो. ती कोरडी, हलकी, कापडी थैलीत जातात आणि घरी पोचल्यावर काचेच्या बरणीत भरता येतात.

दिवे लागल्यावर

रोख आणि फोनवरचे पैसे वहीशी ताडून घ्या. मग बाटल्यांचं पान उघडा: गेल्या किती, आल्या किती. समजा १२ गेल्या आणि ७ आल्या, तर उरलेल्या पाचांपुढे नाव आणि वाडी लिहायची. पोती कुणाची, पिशव्या कुणाकडे, तेही. ज्या शेतकऱ्याकडून माल आला त्याची रिकामी गोणपाटं झटकून, घडी घालून दाराशी ठेवा, सकाळी तो येईल तेव्हा हातात द्यायला.

पान, पेंढा, सडकी फळं खतखड्ड्यात. काटा झाकून ठेवा. पश्चिमेची खिडकी आता उघडा, रात्रीची हवा येऊ दे. आजच्या सात बाटल्या बादलीत भिजत घालू नका, रात्रभर सोड्यात राहिल्या तर काच धुरकट होते. साध्या पाण्याने विसळून जाळीवर ठेवा, आणि सोड्याचा डबा बादलीशेजारी काढून ठेवा. सकाळी जो आधी उठेल तो चूल पेटवेल.